रुख्माबाईचं कच्चं कवेलू

रुख्माबाईच्या कवेलूला, म्हणजे छपराच्या कौलाला, नाव ठेवणारा माणूस गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारात शोधूनही सापडला नसता. तो सापडला आमच्या ख्रिस्ती मंडळीत, आणि तोही पहिल्या बाकावर बसणारा.

हे आज लिहायचं कारण असं. मागच्या महिन्यात आमच्या नव्या देवळाची, म्हणजे चर्चची, पायाभरणी झाली. त्या वेळी जुन्या देवळाचा इतिहास वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, "छपराचे काम फिलेमोनभाऊंच्या देखरेखीखाली विश्वासाने पूर्ण झाले." रुख्माबाईचं नाव कुठेच नव्हतं. मी घरी आले, चहा ठेवला. तो उतू गेला, चूल विझली, तरी माझा राग विझला नाही. म्हणून जे मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहून ठेवते. त्या वेळी मी मिशनच्या शाळेत नुकती शिकवायला लागले होते आणि रुख्माबाईच्या शेजारच्याच घरात राहत होते.

रुख्माबाई कुंभाराघरची. ती आणि तिचा नवरा उमराव, दोघांनी एकदमच बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या मडमसाहेबांना तिचं नाव रेबेका ठेवायचं होतं. ती म्हणाली, "देवाले मी रुख्मा म्हणूनच ठाऊक हाय. त्याले कायले घोटाळ्यात टाकता?" मडमसाहेब हसल्या आणि नाव तेच राहिलं.

स्वातंत्र्याच्या पुढच्या साली उमराव तापानं गेला. मागे एक मुलगी, गंगा. सगळ्यांना वाटलं, रुख्माबाई आता बंगल्यावर आया म्हणून लागेल. ती लागली नाही. बाईनं चाकाला हात लावायचा नाही अशी कुंभारांची रीत आहे. बाईनं माती तुडवावी, माल वाळवावा, बाजारात बसावं, पण चाक पुरुषाचं. रुख्माबाई म्हणाली, "जातीनं तर आमाले कवाच टाकलं. आता अडवाले कोन येते?" आणि ती चाकावर बसली. कवेलू ओलं असतानाच त्याच्या निमुळत्या टोकावर ती आपला अंगठा दाबायची. उमरावची सवय होती ती, तिनं चालू ठेवली. दोन वर्षांत असं झालं की पोवारांच्या खेड्यांत नवं घर बांधायचं म्हटलं की माणसं अंगठ्याचं कवेलू मागायची.

धंदा बाहेरच्यांशी चांगला चालायचा. बाहेरचा माणूस यायचा, भाव करायचा, दोन शब्द वाकडे बोलायचा, पैसे टाकायचा, बैलबंडी भरून जायचा. आपला माणूस भाव करायचा नाही. तो म्हणायचा, "बाई, आपण एकाच प्रभूची लेकरं." भावाला उत्तर देता येतं. प्रभूच्या लेकराला काय उत्तर देणार? आपला माणूस न विचारता थप्पीतलं उचलायचा. छपरावर माकडं नाचून फुटलेलं कवेलू बदलून मागायचा. आणि नाही म्हटलं की बुधवारच्या प्रार्थनासभेत डोळे मिटून म्हणायचा, "हे प्रभू, आमच्यातल्या काही भगिनींची मनं धनाकडे लागली आहेत, त्यांना तू सांभाळ." सगळी सभा आमेन म्हणायची. त्यात रुख्माबाईलाही आमेन म्हणावं लागायचं.

एकदा मी तिला म्हटलं, "तुम्ही यांना देऊच नका."

ती म्हणाली, "मंग कोनाले देऊ? मले मेल्यावर खांदा हेच लोक देतीन ना."

त्रेपन्न साली मंडळीनं ठरवलं की देवळाचं धानाच्या तणसाचं छप्पर काढून कवेलू घालायचे. काम पाहायची जबाबदारी फिलेमोनभाऊंकडे. हे आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, गोंदियात एका धानाच्या गिरणीवर मुनीम. शनिवारी सायकलीनं गावी यायचे. गळा गोड, प्रार्थना लांब. ठरलं असं की कवेलू रुख्माबाईनं करायचे आणि आवा म्हणजे भट्टी भाजायला गिरणीचा कोंडा फिलेमोनभाऊंनी पाठवायचा. कागद केला नाही. दोघांनी रुख्माबाईच्या ओसरीवर गुडघे टेकले आणि भाऊंनी प्रार्थना केली. आमच्यात असंच असतं. प्रार्थना झाली की सौदा झाला.

उठता उठता रुख्माबाईनं विचारलं, "मंग भाऊ, कोंडा कवा येते?"

भाऊ दुखावले. "बाई, आत्ताच प्रभूपुढे बोललो ना मी?"

कोंडा आला नाही. रुख्माबाईनं घरचं तणस, शेणी, होतं नव्हतं ते घालून एक आवा भाजला. अर्धे कवेलू निघाले. बाकीचे तिनं घडवून, वाळवून, थप्पी लावून ठेवले. भाजायला काही नव्हतं. भाऊंनी सगळा कोंडा एका वीटवाल्या ठेकेदाराला दिला होता. तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तो बाहेरचा माणूस, बाई. तो थांबला नसता. तू आपली आहेस. तू समजून घेशील."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की आता कुणी 'तू आपली आहेस' म्हटलं की मी आधी पदराची गाठ चाचपते.

चैत्रात गंगा बाळंतीण व्हायची होती, सासरी बालाघाटला. रुख्माबाईला जावंच लागलं. जाताना ती भाऊंना आव्यापाशी घेऊन गेली. मी कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते, म्हणून ऐकलं.

"भाऊ, उजवीकडची थप्पी पक्की. ती न्या खुशाल. डावीकडची कच्ची हाय, फकत वाळली. तिले हात लावू नका. मी आली का भाजून देईन. कोंडा तेवढा पाठवा."

"तू निर्धास्त जा, बाई. मी प्रार्थना करतो."

इकडे मिशनच्या मोठ्या साहेबांची विलायतेला जायची वेळ आली आणि त्यांनी कळवलं की जाण्याआधी आपल्या हातानं देवळाचं समर्पण करायचं आहे. भाऊंनी पायरीजवळ बसवायला दगड आधीच कोरून घेतला होता. त्यावर साहेबांचं नाव, खाली भाऊंचं. आता छप्पर अर्धं राहिलं तर दगड कसा बसणार? त्यांनी चैतराम बंडीवाल्याला बोलावलं आणि दोन्ही थप्प्या उचलल्या. कच्चं कवेलू करडं दिसतं, पक्कं लाल. म्हणून कच्च्यांवर गेरूचा हात मारला. छप्पर असं लालभडक दिसायला लागलं की रस्त्यावरचे लोक थांबून पाहायचे. साहेबांनी फोटो काढला.

मी तेव्हा काय केलं, असं कुणी विचारेल. मी भाऊंना विचारलं होतं. "बाईंनी डावीकडची थप्पी नेऊ नका म्हटलं होतं ना?" ते म्हणाले, "रुख्माबाईशी माझं बोलणं झालं आहे." देवळाचा वडील खोटं बोलेल असं तेव्हा मला वाटत नव्हतं.

रुख्माबाई परत आली. टेकाडावरून तिला छप्पर दिसलं. ती घरी न जाता सरळ आव्यावर गेली. डावीकडची जागा रिकामी. तशीच, डोक्यावरचं बोचकं न उतरवता, ती भाऊंच्या घरी गेली.

आमची शिकवण अशी, की भावाचा अपराध आधी त्याच्या एकट्यापाशी सांगायचा. चारचौघांत त्याची लाज काढायची नाही. रुख्माबाईनं ती शिकवण पाळली. एकटी गेली, हळू बोलली. आणि म्हणूनच पुढे तिला साक्षीदार राहिला नाही. इतर कुठल्या जातीची बाई असती तर चौकात उभी राहून ओरडली असती, आणि गाव तिच्या बाजूनं उभं राहिलं असतं.

भाऊ तिला म्हणाले, "साहेबांपुढे देवाच्या घराची लाज राखायची होती, बाई. पावसाआधी बदलून घेऊ. कोंडा पाठवतोच."

त्या महिन्याचं प्रभुभोजन, म्हणजे देवळात प्रभूच्या नावानं भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी, जवळ आलं होतं. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याशी मेळ करायचा, त्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, ही आमची रीत. रीत फार चांगली आहे. पण फिलेमोनभाऊंनी तिचं काय करून ठेवलं होतं ते ऐका. दर महिन्याच्या त्या शनिवारी ते घरोघर फिरायचे. "सलाम, बाई. काही चुकलं असेल तर माफ करा." समोरच्यानं "माफ" म्हणायचं, हात हातात घ्यायचा. रविवारी भाऊ पहिल्या रांगेत. सोमवारपासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रुख्माबाईनंही त्या शनिवारी माफ केलं, आणि मनापासून केलं. कोंडा आला नाही.

मृग कोरडा गेला, मग पहिलीच झड लागली. पाच दिवस सूर्य दिसला नाही. रविवारी उपासना चालू असताना छपरातून आधी लाल पाणी गळायला लागलं, सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर. मग चिखल. मग पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांच्या, मेजाशेजारी एक मोठा ओला लोंदा धप्पकन पडला. शांतीबाई नावाची म्हातारी खालीच बसली होती. तिच्या खांद्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी मंडळीची पंचायत बसली. फिलेमोनभाऊंनी एक अर्धवट विरघळलेलं कवेलू आणलं होतं. ते त्यांनी मेजावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हा अंगठा कुणाचा आहे, रुख्माबाई?"

"माझा हाय."

"देवाच्या घराला कच्चा माल?"

"भाऊ, तुमीच नेला तो, मी बालाघाटले असतानी. चैतरामले इचारा. त्याचीच बंडी होती."

पाळकसाहेब वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे सात गावं होती आणि त्यांना भांडण आवडत नसे. ते म्हणाले, "बाई, चैतराम मंडळीतला नाही. बाहेरच्याची साक्ष मंडळीच्या पंचायतीत चालत नाही."

रुख्माबाई भाऊंकडे वळली. "तुमी माझ्यापाशी माफी मागितली ना, भाऊ? वैशाखात?"

"माफी तर आपण सगळे एकमेकांची मागतो, बाई," भाऊ म्हणाले. "दर महिन्याला."

मी शाळेच्या बाजूच्या दारात उभी होते. मी म्हटलं, "बाई जाताना काय सांगून गेल्या ते मी ऐकलं आहे." एक पंच म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्हाला बोलावलं नाही." माझी नोकरी त्याच पंचायतीच्या हातात होती, तरी मी पुन्हा बोलले. त्यांनी दार लावून घेतलं.

निकाल असा की रुख्माबाईनं चूक कबूल करेपर्यंत तिला प्रभुभोजन नाही. चूक कबूल करायला तिनं नकार दिला, म्हणून तिचं मन कठीण. ज्यानं नेलं तो मेजाशी, जिचं नेलं ती दाराशी.

आठ दिवसांत बिसराम पाटील आले. हे शेजारच्या गावचे पोवार शेतकरी. नवं घर बांधत होते आणि सगळे कवेलू त्यांनी रुख्माबाईला सांगितले होते. वर्षाचं काम होतं ते. ओसरीवर बसले, पाणी प्याले, मग म्हणाले, "बाई, राग नको धरू. तुह्या देवाच्याच घरी तू असा माल देल्ला, तं माह्या घरी काय देशीन?"

रुख्माबाई रिकामा तांब्या घेऊन आत गेली. मीच सगळं सांगितलं. पाटील डोकं हलवत राहिले. "मंग गोरेगावच्या पंचायतीत काऊन नाई जात? चैतराम सांगीन ना. मी स्वता येतो."

तिनं पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, भावानं भावाला बाहेरच्या पंचांपुढे उभं करायचं नाही, शास्त्राची मनाई आहे. म्हणजे आत साक्ष चालत नाही आणि बाहेर फिर्याद चालत नाही. पाटील म्हणाले, "तुमच्या घराले दारच नाई का?" आणि गेले. काम दुसऱ्या कुंभाराला दिलं नाही, पण हिलाही दिलं नाही. त्यांचं पाहून बाकीचे थांबले. त्या दिवाळीला रुख्माबाईचं चाक बंद होतं. नावच गेलं तर माती तुडवून करायचं काय? गंगानं निरोप पाठवला, आई, बालाघाटला ये, इथे बंगल्यावर आयाची जागा आहे. रुख्माबाईनं तो निरोप मला दोनदा सांगितला. जायचं की नाही हे सांगितलं नाही.

धान कापून झालं की आमच्यात कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते आणून वेदीपाशी ठेवायचं. धानाच्या पेंढ्या, कोहळे, कोंबड्या, काकड्या, कुणी विणलेली टोपली. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव. त्याला बाहेरचे लोकही येतात. पिकाचं पहिलं दान घरात आलं तर बरकत, असं तेही मानतात. बिसराम पाटील दर वर्षी एक कोहळा घ्यायचे. लिलाव पुकारायचे फिलेमोनभाऊ. त्यांचा गळा गोड होता ना.

त्या सणाला रुख्माबाई धुतलेलं पांढरं पातळ नेसून आली. प्रभुभोजन नव्हतं, त्यामुळे तिला अडवायचं कारण नव्हतं. सगळ्यांच्या मागून ती पुढे गेली आणि कोहळ्यांच्या शेजारी, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवून आली.

लिलाव रंगला. भाऊ विनोद करत होते. "ही कोंबडी पहा, पाळकसाहेबांच्या प्रवचनात सुद्धा जागी राहिलेली." लोक हसत होते, बोली चढत होती. मग त्यांनी ते फडकं उचललं आणि उलगडलं. आत कवेलू होतं, छपरावर चढवून उरलेल्यातलं. कच्चं, करडं, एका बाजूला गेरूचा पट्टा, टोकाला अंगठा.

भाऊंनी ते परत गुंडाळलं. "हे चुकून आलेलं दिसतं."

"चुकून नाई," रुख्माबाई मागून म्हणाली. "माझ्या घरी यंदा हेच पिकलं."

भाऊ पाळकसाहेबांकडे पाहायला लागले. पाळकसाहेब जागेवरून उठले. मग म्हणाले, "वेदीवर ठेवलेलं दान परत करता येत नाही, फिलेमोनभाऊ. पुकारा." इतक्या वर्षांत हे एक वाक्य त्यांनी वेळेवर म्हटलं, म्हणून मी त्यांना थोडी माफी देऊन टाकली आहे.

भाऊंनी पुकारलं, पण विनोद न करता. "एक कवेलू. कोण बोलतो?"

"एक आना," आवाज आला. चैतराम. बैलांना कुंपणाबाहेर बांधून तो आत आला होता.

"एक आणा एकवार," भाऊ घाईनं म्हणाले.

"थांबा जी, मले पाहू तं द्या." चैतराम पुढे आला, कवेलू हातात घेतलं, उलटसुलट केलं. "हो, हेच. माह्याच बंडीतला माल हाय. भाऊ, तुमी नाई का म्हटलं होतं, डावीकडची बी थप्पी भर म्हणून? मी म्हटलं, जी, हे तं कच्चे दिसून राहिले. तुमी म्हटलं, तुले काय करा लागते, गेरू लावला का कोनाले समजते. चार दिवस गेरूच लावत होता माहा पोरगा."

लोक आधी हसले, कारण लिलावात हसायची सवय लागली होती. मग हसू थांबलं. साक्ष नव्हती ती. बोली होती. बोली लावणाऱ्या माणसाला गप्प बस म्हणायचा नियम आमच्या कुठल्याच पंचायतीनं केलेला नव्हता.

"एक रुपया," बिसराम पाटील म्हणाले. "मले पाहिजे ते. ओसरीत ठेवीन. कोनी रुख्माबाईच्या मालाले नाव ठेवलं तं दाखवीन, हे आव्यात गेलंच नव्हतं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, होळीपावतर होतीन का माहे कवेलू?"

रुख्माबाई म्हणाली, "कोंडा भेटला का होतीन."

पुढच्या शनिवारी, प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी, पाळकसाहेब फिलेमोनभाऊंना घेऊन तिच्या ओसरीवर आले. मी तिथेच होते. भाऊंनी हात पुढे केला. "सलाम, बाई. काही चुकलं असेल तर माफ कर."

रुख्माबाईनं त्यांना पाट दिला. म्हणाली, "माफ तं मी वैशाखातच केलं, भाऊ. ते पुन्हा पुन्हा नका मागू. कोंडा पाठवा."

"पण मेळ..."

"कोंडा आला का मेळ झाला."

दुसऱ्या दिवशी ती प्रभुभोजनाला गेली नाही. पाळकसाहेबांनी बोलावलं होतं तरी. सोमवारी दोन बंड्या कोंडा आला. चैतरामनंच आणला आणि आव्यापाशी उतरवताना मोठमोठ्यानं गात होता. नाताळाच्या आधी देवळावर पक्के कवेलू चढले. पंचायतीनं ते 'प्रेमदान' समजायचं ठरवलं होतं. रुख्माबाईनं आधी पैसे मोजून घेतले, मग थप्पीला हात लावू दिला. "देवाले मी दान देते," ती म्हणाली, "मंडळीले विकते." बालाघाटला ती गेली नाही, नातू पाहायला तेवढी.

पंचायतीनं आपला निकाल मागे घेतला असं कधी कुठे म्हटलं नाही. भाऊ वडील राहिले. दगडही राहिला. पुढे रुख्माबाई वारली तेव्हा शवपेटीपाशी सगळ्यात लांब प्रार्थना त्यांनीच केली, आणि "आमची ही विश्वासू भगिनी" म्हणताना त्यांचा गळा भरून आला. खरंच भरून आला. मला त्याचाच जास्त राग येतो.

इतिहास वाचणाऱ्या बंधूंकडे मी परवा गेले. जुनं देऊळ उतरवताना निघालेले कवेलू अंगणात रचून ठेवले आहेत, कुणी शेतकरी गोठ्यासाठी नेणार आहे. त्यातलं एक मी त्यांच्या हातात दिलं. "हा अंगठा पहा आणि ते वाक्य दुरुस्त करा."

ते म्हणाले, "ताई, आता कशाला? दोघंही प्रभूकडे गेले."

"माणसं गेली. कवेलू इथेच आहेत."

"बरं, पुढच्या बैठकीत ठेवू," ते म्हणाले. "तोवर आपण प्रार्थना करू या." त्यांनी हात जोडले आणि सुरुवात केली.

मी डोळे मिटले नाहीत.